पवनचक्कीच्या सावलीतले रोही

आमच्या बाबांनी पवनचक्कीला जागा दिली ती विजेसाठी नाही. वीज आमच्या गावात तेव्हाही धड येत नव्हती आणि पवनचक्की उभी राहिल्यावरही आली नाही. बाबांना ती रोही हाकलायला हवी होती.

अकोटच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं वावर. कापसानं सगळ्यांना रडवलं तीच ती वर्षं. निदान तूर तरी हाती लागेल म्हणून लोक तूर पेरत, आणि रोह्यांना कापसापेक्षा तूरच आवडे. रोही म्हणजे घोड्याएवढं जनावर. कळपानं शिरलं की वावर तुडवून, खाऊन मोकळं. बुजगावण्याला घातलेला बाबांचा जुना सदरा तर त्यांनी चघळून टाकला होता. त्यामुळं तूर फुलावर आली की बाबा रात्री मचाणावर जागलीला जात. पवनचक्कीच्या आदल्या साली त्यांच्या छातीत दुखलं, तेव्हा अमरावतीला राजापेठेतल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की आता रात्रीची झोप घरातच. तेव्हापासून आईचं एकच टुमणं होतं, की हा माणूस घरी झोपला पाहिजे.

अशात पवनचक्कीवाल्या कंपनीचा इंजिनियर जागा शोधत गावात आला. एवढं उंच, हात फिरवणारं बुजगावणं कुणी फुकट लावून देतंय म्हटल्यावर बाबा हरखले. इंजिनियरला टॉवर लांब टेकडीवर हवा होता. बाबा म्हणाले, "आमच्या बरडावर लावा. तुरीच्या धुऱ्यालेच लागून हाय."

"काका, लोक तर म्हणतात शेतापासून लांब लावा."

"लोकाईचं लोकाईपाशी."

बरडावर कुसळंसुद्धा नीट उगवत नसल्यानं शेतजमीन वाचली, असा शेरा मारून इंजिनियर खूश होऊन गेला. मग वन्यजीवांची पाहणी करायला एक मॅडम आल्या. जनावरांची ये-जा असेल तर टॉवर होणार नाही, असं गावात आधीच पसरलं होतं.

"इथं नीलगायी येतात का? रोही?" मॅडमनी विचारलं.

"रोही? ते काय असते जी?" बाबा म्हणाले. याच माणसानं रोह्यांच्या तक्रारी करून करून तलाठ्याचं डोकं उठवलं होतं! तेवढ्यात मॅडमच्या पाठीमागं एक दांडगा नर तुरीत येऊन उभा राहिला. बाबांनी मला डोळ्यानं खुणावलं. मी मॅडमना विहीर दाखवायला नेलं. विहीर त्यांनी येतानाच पाहिली होती, पण बिचाऱ्यांनी पुन्हा पाहिली.

टॉवर झाला. पाती घुमू लागली तसे रोही गायब झाले. बाबा घरात घोरू लागले आणि त्या घोरण्यावर आई इतकी खूश, की शेजारणींना मुद्दाम सांगायची. मलाही फार बरं वाटलं. रात्री वावराकडं कान लावून पडायची सवय घरातल्या सगळ्यांनाच जडली होती, ती हळूहळू सुटली.

ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि एका कलत्या दुपारी आम्ही वावरात गेलो, तर टॉवरची लांब सावली तुरीत पडलेली आणि त्या सावलीत रोही एकामागं एक ओळीनं उभे! रेशनच्या दुकानापुढं आम्ही कधी इतके शिस्तीत उभे राहिलो नाही. सावली सरकली की तेही सरकत, आणि सरकता सरकता पुढची तूर खात. वावरात टॉवरभोवती अर्धगोल टक्कल पडलं होतं. बाबा ओरडले, पण पात्यांच्या घरघरीत त्यांचा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

पुढल्या साली मॅडम पुन्हा आल्या. सावलीतला कळप पाहून त्यांना आनंद मावेना.

"काका, पूर्वी एकही नव्हता आणि आता एवढे! टॉवर आल्यावर वन्यजीव वाढले!"

"मॅडम, पह्यलेबी येत होते," बाबा चाचरत म्हणाले.

"तुम्हीच तर म्हणालात, रोही माहीतच नाही."

मॅडमच्या अहवालावर कंपनीनं हौसेनं बाबांना वन्यजीव रक्षक नेमलं. टोपी दिली, शिट्टी दिली, महिन्याचा पगार ठरवला. रोह्यांना कुणी त्रास देऊ नये म्हणून रात्री वावरात थांबायचं, हे काम. शिट्टी वाजवायची नाही, कारण रोही बिचकतात.

पहिल्या संध्याकाळी बाबा टोपी घालून निघाले. आई दारात आडवी उभी राहिली.

"आता कोनाले राखाले चालले?"

"रोह्याईले."

"अन् तुरीले?"

"तुरीले जलमभर राखलं. तिनं देल्ला का कधी पगार?"

मला कंपनीचा राग आला नाही, रोह्यांचा तर नाहीच. राग आला तो बाबांच्या बोलण्यात चूक सापडेना याचा. आईलाही ती सापडली नसावी. ती दारातून बाजूला झाली, छातीच्या गोळ्या त्यांच्या खिशात कोंबल्या, आणि बाबा जागलीला गेले.