बत्ती मॅडमचं आकाश

आमच्या मॅडम कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी दिवा बंद करायच्या. एकदा प्राचार्य केबिनमध्ये सह्या करत बसलेले असतानाच त्यांनी बटण दाबलं आणि मग म्हणाल्या, "सॉरी सर, सवयीने हात गेला." सगळं कॉलेज त्यांना बत्ती मॅडम म्हणायचं. नेरूळच्या आमच्या कॉलेजच्या गच्चीवर घुमटाखाली एक छोटी वेधशाळा होती, ती त्या सांभाळायच्या.

माझे वडील एपीएमसी मार्केटात माथाडी. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे वर्गात तोंड उघडायची भीती वाटायची. मॅडमनी ते ओळखलं असावं. म्हणाल्या, "वर येत जा. तिथे अंधार असतो, तुझ्याकडे कुणी बघत नाही. काहीही विचार." मी खरंच विचारायला लागले.

दुर्बिणीतून काढलेले फोटो फिकट यायचे, अंधूक तारे दिसायचेच नाहीत. मॅडम म्हणायच्या, "आकाशाचं काही चुकत नाही. आपलंच काहीतरी राहिलंय." मग त्या राहिलेलं शोधत बसायच्या. समोरच्या सोसायटीचा फ्लडलाइट नडतो म्हणून त्या सेक्रेटरींकडेही गेल्या. मी सोबत होते.

"मॅडम, चोर आला तर तुमचे तारे येणार का पकडायला?"

"तारे नाही येणार काका, मी येईन. तुम्ही फक्त दिवा खाली वळवा."

ते हसले, पण वळवतो म्हणाले.

शेवटी संस्थेने वेधशाळा सुधारायला मंजुरी दिली. अट एकच, नव्या यंत्रांवर अंधूक तारे दिसले नाहीत तर घुमट काढून तिथे सोलर पॅनेल बसणार. आरशाला नवा मुलामा चढला, नवा कॅमेरा आला आणि आरसे जुळवायला लेझर आला. लेझरचा लाल ठिपका आरशांवरून परत फिरून बरोबर मधोमध पडला की दुर्बीण जुळली. त्याआधी मॅडम आम्हाला घड्याळं, बांगड्या काढायला लावायच्या. "काचेवरून किरण उडाला तर डोळा जाईल. ताऱ्यांसाठी डोळे लागतात, बाळा." मी बांगड्या दप्तरात विसरून घरी गेले की आई चिडायची, "असं भुंडं हात घेऊन फिरायचं व्हय? तुझ्या मॅडमला काय कळतं का न्हाय?"

चाचणीच्या रात्री सेक्रेटरीकाकांनी शब्द पाळला, फ्लडलाइट चक्क बंद ठेवला. ठिपका मधोमध होता. फोटो आला तो जुन्यापेक्षाही पांढरा, अंधूक तारा त्यात एकही नाही. जुन्या कॅमेऱ्याला जे जाणवत नव्हतं ते नव्याने सगळं टिपलं होतं. हायवेचा, खाडीपलीकडचा, मार्केटचा उजेड, सगळ्या शहराचा. माझे वडील ज्या उजेडात गोणी उचलतात, तोही त्यात असणार. मॅडमनी पुन्हा फोटो घेतला, पुन्हा ठिपका तपासला. मग म्हणाल्या, "यंत्रं एकदम बरोबर आहेत." कॅमेरा बंद करत हळूच म्हणाल्या, "आपलं काहीच राहिलेलं नाही गं."

घुमट काढायची माणसं यायची होती त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला वर बोलावलं. म्हणाल्या, "बांगड्या काढ." दुर्बीण गोदामात जाणार होती, तरी त्यांना ती जुळवायची होती. मी विचारलं, "आता कशाला, मॅडम?"

"पडूनच राहायची म्हणून वाकडी ठेवायची?"

दिवा बंद करून आम्ही ठिपका मधोमध आणला. त्याच्याकडे त्या जरा वेळ बघत राहिल्या. मग लेझर डब्यात ठेवायला त्यांनी दिवा लावला, पर्स उचलली आणि जिना उतरायला लागल्या. दिवा चालूच होता. बंद करू का, असं मला विचारायचं होतं. त्या उजेडात मला ते विचारता आलं नाही.