धुतलेला धूर

आमच्या वीज केंद्रात धूर चिमणीत सोडण्याआधी चुनखडीच्या पाण्यानं धुतात. कोळशातला पारा या पाण्यात उतरतो, पण तो मोठा चंचल. बांधून ठेवला नाही तर पुन्हा वाफ होऊन निसटतो. म्हणून पाण्यात गंधकाचं एक द्रावण सोडतात. आम्ही त्याला औषध म्हणायचो. त्याला सडक्या अंड्याचा वास. प्रयोगशाळेतून मी रोज तो अंगावर घेऊनच यायचे. गाव केंद्राला लागूनच, वणीकडे. काकू अंगणातच अडवायची, "आली गंधकाची गोणी. आंधी आंग धू."

गावच्या तळ्यातल्या मासोळीत केंद्राचा पारा उतरतो अशी कुणकुण उठली, तेव्हा प्रयोगशाळेच्या साहेबांनी ग्रामसभेत मलाच उभं केलं. त्यांनीच मला काम शिकवलेलं, त्यांचा शब्द मला पुरे होता. "आमचं सोडा, तुमची पोरगी सांगेल," ते म्हणाले. मी सांगितलं, औषध चालू आहे, पारा बाहेर येत नाही, खुशाल खा. गाव निश्चिंत झालं. वहिनीला नुकते दिवस गेले होते आणि डोहाळे लागले ते नेमके मासोळीचे.

एका संध्याकाळी काकू माझे कपडे वाळत घालताना म्हणाली, "आता तुह्या कपड्यांले वास नाई येत. लय दिवस झाले. बरं झालं."

मी हसले, आणि मग हातातला चहा तसाच राहिला. त्या वासाला माझं नाक कधीच मेलं होतं.

सकाळी औषधाच्या टाकीतलं थोडं बाटलीत घेतलं. गंधक असेल तर त्यात बुडवलेली तपासणीची कागदी पट्टी काळी पडायला हवी. ती पांढरीच राहिली. टाकीत साधं पाणी होतं. पंप मात्र इमानदारीत घरघरत होता, आणि नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर 'औषध चालू'चा हिरवा दिवा.

बाटली नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली. ते शांतपणे म्हणाले, "औषध परवडत नाही. धूर पांढराच निघतो ना बेटा? लोक तेवढंच बघतात."

"मग मला सभेत कशाला उभं केलं?"

"तुला ते खरं वाटत होतं, म्हणूनच."

रागानं पारा चढतो म्हणतात. माझे हातपाय गार पडले. केसानं गळा कापला होता, आणि केसही माझाच वापरला होता.

घरी आले तर वहिनी मासोळीचा रस्सा भाकरीशी खात बसलेली. मी तिच्यापुढचं ताट ओढलं.

काकू चिडली. "काहून? पोटुशीच्या तोंडचा घास कायले काढतं?"

मी सगळं सांगितलं. टाकीतलं पाणी, हिरवा दिवा, साहेब. साहेबांनी फसवलं, हे तर दोनदा सांगितलं.

काकूनं ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. परत आली ती माझ्याकडे न बघता बोलली.

"तुह्या साहेबाले आमी वळखत नाई, पोरी. आमी तुह्या भरवशावर खाल्लं."