विषुववृत्तावरचा मुटका

माझी मुलगी मालवाहू जहाजावर अधिकारी होती. लग्नानंतर तिने आणि जावयाने नोकऱ्या सोडल्या आणि शिडाची एक अडतीस फुटी बोट घेतली. जावई केरळचे. एका जानेवारीत ती दोघं कोचीहून सेशेल्स बेटांकडे निघाली होती. लेकीचा फोन आला, "माय, तू बी चाल. पंधरा-अठरा दिवस लागतील."

मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. भूगोलाच्या तासाला हिंदी महासागरावरून कितीदा तरी छडी फिरवली होती. प्रत्यक्षात समुद्र पाहिलेला दोनदाच, सुरतेजवळ, आणि तोही घोटाभर पाण्यात उभं राहून. यजमानांना विचारलं. ते आमच्या मिरचीच्या पथारीवर होते, सगळीकडे लाल मिरची वाळत पडलेली. खाली बघतच ते म्हणाले, "तू जाय. मन्हा मांगे मिरची शे."

तर दादर ज्वारीचं दहा किलो पीठ, मिरची, शेंगदाणे, गूळ असं सामान बांधून मी नंदुरबारहून गाडीत बसले, आणि आठवड्याने बोटीत.

पहिले तीन दिवस मी जे भोगलं ते वैऱ्यालाही नको. किनारा दिसेनासा झाला आणि माझ्या पोटातलं सगळं वर आलं. बोट एका कुशीवर कललेली, मी दुसऱ्या कुशीवर. बादली घेऊन जवळ बसायचे ते जावई. आमच्याकडे जावई आला की सासू पाट मांडते, ताट वाढते, डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. आणि इथे ते माझी बादली विसळून आणत होते! मला रडू आलं. "जवाईबापू, तुम्ही राहू द्या," मी म्हणाले. त्यांना जेमतेम हिंदी आणि लेकीने शिकवलेली चार अहिराणी वाक्यं येत. ते हसून म्हणाले, "माय, तू बठ. काई नई व्हस."

चौथ्या दिवशी सकाळी खरंच काही झालं नाही. डोळे उघडले आणि चक्क भूक लागली होती.

वर जाऊन पाहिलं तर चहूबाजूंनी निळं पाणी आणि मध्ये आम्ही. मागून वारा, दोन्ही शिडं भरलेली, आणि बोट आपल्या चालीने निघालेली. सुकाणूवर कुणीच नव्हतं. मी दचकले. लेक म्हणाली, मागे बसवलेलं यंत्र वाऱ्याच्या दिशेप्रमाणे सुकाणू फिरवतं, माणसाने फक्त लक्ष ठेवायचं. मग तिने एक कागद दाखवला. चोवीस तास तिघांत वाटलेले. माझ्या वाट्याला सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी तीन ते सहा.

"माझी बी पाळी?"

"बोटीवर पाहुणं कोणी नसतं, माय. आणि इथे कप्तान मी शे."

कप्तान ती होतीच. "शीड कमी कर," ती म्हणायची आणि जावई निमूट उठायचे. पहिल्यांदा मी कानकोंडी झाले. चौथ्यांदा मला मजा वाटू लागली.

पाळीवर काम एकच. कमरेचा पट्टा बोटीच्या दोरीला अडकवून बसायचं आणि दर दहा मिनिटांनी उठून चारी दिशांना जहाज दिसतं का ते बघायचं. तीस वर्षं मी मुलांवर नजर ठेवलेली, समुद्र त्यापेक्षा सोपा. सहाव्या दिवशी मला एक जहाज दिसलं, क्षितिजावर तांदळाएवढं. मी इतक्या जोरात ओरडले की झोपलेली दोघंही धावत वर आली. जहाज पार लांबून निघून गेलं. बोटीच्या नोंदवहीत मी वेळ आणि दिशा सुवाच्य अक्षरात लिहिली आणि दिवसभर तोऱ्यात राहिले.

स्वयंपाकाचं मात्र युद्ध झालं. तिथली शेगडी झोक्यासारखी टांगलेली असते. बोट कलते, शेगडी सपाट राहते. शेगडी शहाणी, पण परातीचं काय? पहिल्या दिवशी भाकरी थापायला घेतली आणि पिठासकट परात घसरत जाऊन लेकीच्या अंथरुणात पडली. दुसऱ्या दिवशी मी सरळ खाली फळीवर बसले, दोन्ही पाय समोरच्या कपाटाला रोवले, परात मांडीत घेतली. गोडं पाणी जपून वापरायचं, म्हणून पीठ भिजवताना थोडं समुद्राचं घातलं. मीठ वेगळं लागलंच नाही. जावई शेगडीपाशी हात लांब करून उभे, मी थापलेली भाकरी त्यांच्या हातावर, त्यांच्याकडून तव्यावर. पाच भाकरी झाल्या, एकही फाटली नाही. शेंगदाणे-मिरचीच्या ठेच्याबरोबर तिघांनी डेकवर बसून खाल्ल्या. जावयांच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तरी पुन्हा हात पुढे. "माय, आजून शे?"

रोज एकदा उपग्रहावरून घरी छोटा निरोप पाठवता यायचा. आज आम्ही कुठे आहोत ते मी लिहायची. यजमानांचं उत्तर ठरलेलं, "बरं. आठे ऊन चांगलं शे." म्हणजे तिथे मिरची छान वाळत होती.

बाराव्या दिवशी वारा पडला. विषुववृत्ताच्या अलीकडे-पलीकडे असं होतं, हे मीच मुलांना शिकवलेलं. शिडं लोंबू लागली, समुद्र तेलासारखा गुळगुळीत झाला. डिझेल जपायचं होतं म्हणून आम्ही नुसते तरंगत राहिलो. तेराव्या दिवशी दुपारी जागा दाखवणाऱ्या यंत्रावर अक्षांश शून्य झाला. मी गुळाचे लाडू काढले. ज्या रेषेवर मी मुलांना कितीदा बोट ठेवायला लावलं, तिथे आता मी स्वतः होते, आणि तिथे रेषा बिषा काही नव्हती. ऊन होतं आणि पाणी होतं.

लेकीने मागची शिडी खाली सोडली, तरंगता डबा बांधलेली लांब दोरी पाण्यात टाकली. एकाने कायम बोटीवर थांबायचं असा नियम. जावई पोहून आले, मग ती पोहून आली. मला म्हणाली, "माय, तू शिडीवर बसीसन नुसते पाय भिजाड."

मी पाण्याकडे बघत होते. ऊन त्यात खोल खोल उतरत गेलेलं दिसत होतं. मला माझ्या माहेरची, कोरीटची आमच्या मळ्यातली विहीर आठवली. पाठीला रिकामा डबा बांधून मोठ्या भावांनी मला तिच्यात ढकललं होतं. दोन उन्हाळ्यांत मी त्यांच्याही पुढे गेले. तेराव्या वर्षी आई म्हणाली, आता मोठी झालीस, पुरे. तेव्हापासून मी कुठल्या पाण्यात उतरले नव्हते आणि ही गोष्ट कुणाला सांगितलीही नव्हती. सांगायची वेळच आली नाही.

मी ओढणी काढून जावयांच्या हातात दिली, कठड्यावर चढले, गुडघे पोटाशी घेतले आणि मुटका मारला.

पाणी वर उडालेलं मला दिसलं नाही, पण लेकीची किंकाळी ऐकू आली. मी वर आले. हातपायांना सगळं आठवत होतं. खारट पाणी विहिरीपेक्षा कितीतरी सहज उचलतं. मी बोटीला एक फेरी मारली, मग उताणी होऊन आभाळाकडे बघत पडून राहिले. खाली चार किलोमीटर पाणी आहे, हे मला माहीत होतं. भीती कशी ती वाटली नाही. हसूच येत होतं, आणि हसताना तोंडात पाणी जात होतं.

लेक शिडीवर उभी, पांढरीफटक. "माय! माले कधी सांगं नई!"

"तू कधी इचारं?"

ती दोन क्षण रागाने बघत राहिली. मग तिनेही माझ्याशेजारी उडी मारली. जावई वरून टाळ्या वाजवत होते, गळ्यात माझी ओढणी. आम्ही दोघी डब्याच्या दोरीला धरून तरंगत राहिलो. ती विहिरीबद्दल विचारत राहिली. किती खोल होती, मामा काय करायचे, आजीने अडवल्यावर मी रडले का. रडले, मी म्हणाले. आणि ते बोलतानाही मला हसूच येत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वारा आला. अठराव्या दिवशी सकाळी माझ्याच पाळीवर समोर हिरवट ढगासारखं काही दिसलं आणि ते हललं नाही. नंतर वास आला, ओल्या पाल्याचा आणि मातीचा. मी दोघांना हळूच उठवलं.

बंदरावरच्या कचेरीत एका बाईने आमचे पासपोर्ट मागितले. माझ्याकडे बघून तिने लेकीला विचारलं, या प्रवासी का?

"नाही," लेक म्हणाली. "या खलाशी."

बाईने तसं लिहून घेतलं. बाहेर आलो तर जमीन डोलत होती. तिघं एकमेकांचे दंड धरून, झिंगल्यासारखे चालत, ताजे टमाटे कुठे मिळतात ते विचारत बाजाराकडे निघालो.