आधी तू सांग

नाशिकजवळच्या अंबडच्या ज्या कारखान्यात माझी बावीस वर्षं गेली, तिथे माझं काम आवाज ऐकण्याचं होतं. ओतून आलेले लोखंडी ब्रॅकेट हुकाला टांगायचे, छोट्या हातोडीने ठोकायचे आणि कान द्यायचा. चांगला नग टण्णकन वाजतो आणि त्याचा नाद थोडा वेळ रेंगाळतो. आत चीर असलेला बद्द वाजतो. उन्हाळ्यात माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसंच हे. फरक एवढाच, की माठ फुटला तर पाणी सांडतं, आणि हे ब्रॅकेट ट्रकच्या खाली बसतात. चांगल्यावर खडूने बरोबरची खूण करायची, वाईटावर फुली. तिसरी खूण नव्हती.

हे काम मला ज्यांनी शिकवलं, त्यांना सगळा कारखाना काका म्हणायचा. इगतपुरीकडचे, घरी थोडी भातशेती. आमच्याकडे माणसं हातचं राखूनच शिकवायची. सगळं सांगून टाकलं तर उद्या आपल्याला कोण विचारतंय, ही प्रत्येकाची भीती. मशीन सेटिंगवाला तर आपली वही डब्याच्या पिशवीत घालून घरी न्यायचा. काका तसे नव्हते. ते नग ठोकायचे, माझ्या चेहऱ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "आधी तू सांग."

मी सांगायचे. पहिली दोन वर्षं ते मला दुरुस्त करायचे. "नाय, परत ऐक. नाद मधीच तुटतो हाय." कधी डोळे मिटून ऐकायला लावायचे, कधी नगाला बोटं टेकवून थरथर बघायला सांगायचे. मी चांदवडकडच्या शेतकरी घरातली, आयटीआय करून आलेली. घरात कुणी माझं मत विचारलेलं मला आठवत नाही. आणि इथे हा पन्नाशीचा माणूस खडू हातात धरून माझ्या शब्दाची वाट बघत थांबायचा. मी फुलून जायचे. पुढे दुरुस्त्या कमी झाल्या, मग बंदच झाल्या. मला वाटलं, मी हुशार झाले.

आमच्या टेबलाला लागूनच ग्राइंडिंगची मशिनं होती. तिथली माणसं कानात बोळे घालायची. आम्हाला ती सोय नव्हती, कारण बोळे घातले तर नग ऐकणार कसा? वर्षातून एकदा कानाची तपासणी व्हायची. काका रांगेत माझ्या पुढे असायचे. तपासणीवाला बटण दाबायचा आणि काका बरोबर हात वर करायचे. ते त्याच्या बोटाकडे बघत होते, हे मला फार उशिरा कळलं.

चौथ्या वर्षी ते घडलं. सकाळपासून मी बरेच नग फुलीवर टाकले होते आणि सुपरवायझर येऊन टोमणा मारून गेला होता, "मॅडम, आज सगळंच भंगारात घालायचं ठरवलंय का?" बाहेर गाडी भरायला उभी. काकांनी पुढचा नग ठोकला. वाजला टण्णच, पण नाद जरा लवकर विरला. किंचितच. मला शंका आली, आणि शंका आली म्हणून स्वतःचाच राग आला.

"आधी तू सांग."

"चांगला," मी म्हणाले.

काका माझ्याकडे नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ बघत राहिले. मग त्यांनी बरोबरची खूण केली. त्याच ओतणीतले बाकीचे नगही तसेच वाजले आणि तसेच पास झाले.

तो माल परत आला. गिऱ्हाइकाकडे बसवतानाच दोन नग तडकले होते. कुणाला लागलं नाही, हे नशीब. कागदावर सही काकांची होती. मॅनेजरने त्यांना ऑफिसात बोलावलं, टांगलेला एक नग समोर आणवला आणि म्हणाला, "ठोका आणि सांगा." मी दाराशी उभी होते. काकांनी ठोकला. तो इतका बद्द वाजला, की चहा घेऊन आलेल्या बाईनेही मान वळवली. आणि काकांनी, सवयीने, माझ्याकडे बघितलं. त्यांना तो ऐकूच आला नव्हता, हे मला दिसलं.

नुसती मान हलवली असती तरी त्यांना कळलं असतं. मॅनेजरचं लक्ष नगाकडे होतं. पण मला वाटलं, त्याने पाहिलं तर? मग सगळंच बाहेर येईल, आणि त्या दिवशी चांगला कोण म्हणालं, तेही येईल. मी खाली फरशीकडे बघितलं.

"चांगला," काका म्हणाले.

मला तिथेच उमगलं, की गेली दोन वर्षं मी शिकत नव्हते. मी त्यांचे कान होते.

निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली असताना त्यांना घरी बसवलं. पाठीवर मारा पण पोटावर मारू नका म्हणतात. त्यांना दोन्हीकडे बसलं. त्यांचं टेबल मला मिळालं. 'चांगला' हा शब्द माझा होता, हे मी कुणाला सांगितलं नाही. मूग गिळून बसले. वर सहकाऱ्यांना सांगत फिरले, की काकांनी मला किती मन लावून शिकवलं. ते खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त लाज वाटते.

पुढची सतरा-अठरा वर्षं मी त्याच टेबलावर, त्याच ग्राइंडिंगच्या शेजारी काढली. आधी घरी कुकरची शिट्टी ऐकू येईना. मग कानात सारखी गुणगुण सुरू झाली. गेल्या तपासणीला मी त्या माणसाच्या बोटाकडे बघून हात वर केला. मला कुणी हे शिकवलं नव्हतं. मी रांगेत मागे उभी राहून पाहिलं होतं.

त्याच सुमारास माझ्या हाताखाली पेठकडची एक बाई आली. पस्तिशीची, आधी द्राक्षांच्या पॅकिंगमध्ये होती, नजर तेज आणि कान त्याहून तेज. पहिले काही महिने मी तिला नीट शिकवलं. एक दिवस मी नग ठोकला. मला काही नीट कळलं नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आधी तू सांग."

माझ्याच तोंडून ते शब्द ऐकून मी हातोडी खाली ठेवली.

त्या रविवारी मी बस धरून इगतपुरीला गेले. काकांचं घर शोधत गावात पोचले. आता त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. ऐकण्याचं यंत्र नुसतंच शिट्टी मारतं म्हणून ते फडताळात पडलं होतं. खाटेशेजारी एक पाटी टांगलेली, तिच्यावर सुनेने लिहिलेलं, 'जेवायला चला'. त्यांनी मला ओळखलं, खूश झाले, ओरडून ओरडून चौकशी केली. सून चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी ती पाटी पुसली आणि लिहिलं, 'त्या दिवशी मला शंका होती. तरी चांगला म्हणाले.'

त्यांनी वाचलं. तळहाताने पुसलं.

"ठाव हाय," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज तो, अख्ख्या घराला ऐकू गेला. "तुझ्या तोंडावर दिसलं व्हतं मला."

मी लिहिलं, 'मग परत का नाही ठोकला?'

"परत ठोकला असता," ते म्हणाले, "तर तू म्हणली असतीस, काका, आता तुम्ही सांगा."

ऑफिसातल्या त्या नजरेबद्दल मी काही लिहिलं नाही. पाटी लहान होती म्हणून नव्हे.

सोमवारी मी त्या बाईला सांगितलं, की मला ऐकू येत नाही. तिने विचारलं, "मंग ताई, त्या दिवशी मी सांगितलं, तेच धरलंत?" मी हो म्हटलं. म्हटलं, शंका आली तर शंका म्हण, चांगला म्हणू नकोस. सुपरवायझरलाही मी सगळं सांगितलं आणि दोन गोष्टी मागितल्या: शंकेच्या नगांसाठी तिसरा क्रेट, आणि हे टेबल ग्राइंडिंगपासून लांब. तो म्हणाला, नग एक तर चांगला असतो नाहीतर वाईट. टेबल हलवायला जागा नाही. माझी बदली मात्र त्याने तातडीने पॅकिंगला केली.

जाताना मी टेबलाखालच्या जमिनीवर खडूने एक चौकोन काढून दिला. पुसला गेला की ती तो परत काढते. कधी त्यात एखादा नग असतो, त्यावर ना खूण ना फुली. ती अजून बोळे न घालता त्याच मशिनांशेजारी उभी असते. तिचेही कान जाणार, हे मला माहीत आहे. मी तिला तेही सांगितलंय. ती म्हणाली, "काम तर पायजे ना, ताई."

नग ठोकून ती अडली, की शेडच्या त्या टोकाहून सवयीने माझ्याकडे बघते. मी आता खाली बघत नाही. पण मला काही ऐकू आलेलं नसतं.