एकतीस फुटांची बातमी

गोमाजी घरत गेल्याचं मला त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी कळवलं. सकाळी मोबाइलवर निरोप आला. ‘आपल्या सोसायटीची शान, सर्वांचे लाडके घरतकाका यांचे दुःखद निधन.’ खाली हात जोडलेली तीन चित्रं. मी तीस वर्षं बातम्या लिहिल्या आणि दुसऱ्यांच्या तपासल्या. ‘लाडके’ हा शब्द मी कुणाच्याही बातमीत ठेवला नसता. त्याला पुरावा लागतो. या बाबतीत पुरावा उलटा आहे आणि तो माझ्याकडे आहे. म्हणून हा लेख.

घरत रेल्वेत चावीवाले होते. रूळ ज्या लोखंडी चाव्यांनी जखडलेले असतात, त्या रोज पायी फिरून तपासायच्या आणि सैल झालेली चावी हातोड्याने ठोकायची, हे त्यांचं काम. पनवेल ते आपटा हा टापू त्यांनी नोकरीभर पायांखाली घातला. पावसाळ्यात रात्रीची गस्तही घातली. मूळ गाव चिरनेरच्या अलीकडे. निवृत्त झाल्यावर त्यांनी नवीन पनवेलला तळमजल्यावर फ्लॅट घेतला, कारण मागे दहा फूट रुंदीची बाग होती. त्या बागेत त्यांनी रेल्वे बांधली. विकत आणलेलं त्यात काही नव्हतं. रूळ ॲल्युमिनियमच्या पट्टीचे, रुळांखालचे आडवे स्लीपर सुताराकडच्या सागवानी तुकड्यांचे, डबे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांचे. इंजिनात जुन्या गाडीच्या वायपरची मोटर आणि ती चालवायला स्कूटरची बॅटरी. अळूच्या पानांखालून, कर्दळीला वळसा घालून, मोरीच्या पाण्यावरच्या वीतभर पुलावरून ती गाडी जायची. मग इमारतीचा कोपरा वळून स्वयंपाकघराच्या खिडकीखाली यायची आणि परत बागेत. डब्यांत टॉर्चचे बारके बल्ब होते. दिवसा ते दिसत नसत.

त्या वेळी मी पनवेलचा वार्ताहर होतो. बातमीही माझी आणि फोटोही माझाच. नवा डिजिटल कॅमेरा हातात आला होता आणि मला हा फोटो रात्रीचा हवा होता. अडचण जिन्यातल्या ट्यूबलाइटची होती. तिचा पांढरा उजेड थेट बागेवर पडायचा. उपाय लोडशेडिंगने केला. आठ ते साडेनऊ सगळी वसाहत अंधारात जायची, आणि दादांची, म्हणजे घरतांची, गाडी बॅटरीवर होती. दीड तास माझ्या हातात होता, असं मला वाटलं. पहिल्या दिवशी लाइट गेली, मी पालथा झोपलो, पाटावर कॅमेरा आणि त्याच्या नाकाखाली दादांच्या बायकोने, जनाकाकींनी, दिलेली तांदळाची पुरचुंडी. म्हटलं, “सोडा दादा.”

“थांबा ओ पेपरवाले. लाईन बगितल्याबिगर गारी नाय सोरनार.”

हातात टॉर्च आणि सोनाराकडे असतो तसला हातोडा घेऊन ते उकिडवे बसले आणि बसल्या बसल्या सरकत सगळा मार्ग तपासायला लागले. टक... टक... टक. चाळीस मिनिटं गेली. मी म्हटलं, खेळण्यातली गाडी आहे, उलटली तर उलटली. उत्तर खिडकीतून आलं. “ओ, त्याला बोलून काय उपेग नाय,” काकी म्हणाल्या. “लग्नात मना घेऊन आला तवा पन बैलगारीची चाका तपासून बसला.” दादा हसले. म्हणाले, गस्तीवर असताना एकदा आपट्याच्या अलीकडे रुळांखालची खडी वाहून गेलेली दिसली. लाल बत्ती दाखवून गाडी थांबवली. दोन तास उभी होती. “आतली मानसा मना शिव्या देत व्हती. देवूं दे की! शिव्या द्याला जिती रायली ना?”

असे पाच दिवस गेले. रोज दीड तासातली चाळीस मिनिटं तपासणीची. उरलेल्या वेळातही फोटो जमेना, कारण अंधारात कॅमेऱ्याचा पडदा तीस सेकंद उघडा ठेवावा लागायचा आणि तेवढ्यात चालत्या गाडीची पिवळी रेघ होऊन जायची. दादांना स्क्रीनवर ती रेघ दाखवली. “यात गारी कुठं हाय?” मी म्हटलं, खिडकीखाली दहा सेकंद थांबवा, मग सोडा. ते मान हलवायला लागले. तिथे स्टेशन नाही. स्टेशन नसताना गाडी थांबली, तर काहीतरी बिघडलंय असा अर्थ होतो. आमचा हा वाद चालू असताना काकी पोळ्या लाटत होत्या. लाटणं हातात तसंच धरून त्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, “मंग ठेशन बांध ना बाबा! याला घरी पन जायचा असल.”

दुसऱ्या दिवशी खिडकीखाली लादीच्या तुकड्याचा फलाट होता. वर पिवळी पाटी, काळी अक्षरं, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. जना हॉल्ट. काकींनी ती वाचली आणि खिडकी लावून घेतली. थोड्या वेळाने उघडली.

त्या दिवशी फोटो मिळाला. फलाटाशी उभे चार डबे, प्रत्येक खिडकीत उजेड. तिथून कोपऱ्याकडे गेलेली पिवळी रेघ. आणि त्या रेघेच्याही पुढे, अळूच्या पानांतून जाणारी एक बारीक पांढरी रेघ, कारण दादा टॉर्च घेऊन गाडीच्या पुढे सरकत होते. ते स्वतः फोटोत नव्हते. हलणारा माणूस इतक्या लांब वेळेत उमटत नाही, हे मी त्यांना समजावलं. ते स्क्रीनला नाक लावून बघत राहिले. “हाय की मी. ती बत्ती कोनाची?”

इथपर्यंत सगळं चांगलं आहे. पुढचं माझ्या हातून झालं.

बातमीत मला लांबी हवी होती. दादा म्हणाले, दोन रुळांत चार बोटांचं अंतर, एवढं लिहा. मी विचारलं, कुणाची बोटं? पेपरात फूट लिहितात. मी टेप आणली होती. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. एकशे बारा फूट भरली. वळणावरून मोजताना मी सहज विचारलं, बाग तर इथेच संपते ना? ते म्हणाले, हो, खिडकीखालची जागा सोसायटीची, सगळ्यांची. मी तेवढा भाग वेगळा मोजला. एकतीस फूट. “ता कशाला लिवता?” त्यांनी विचारलं. मी हसलो. मी म्हणालो, “दादा, आकडा असला की बातमीला वजन येतं.” हे वाक्य माझं आहे. शब्द न् शब्द मला आठवतं.

याच पुरवणीत ते छापून आलं. फोटो अर्ध्या पानाचा आणि तिसऱ्या परिच्छेदात हे वाक्य: ‘एकूण लांबी ११२ फूट, त्यापैकी ३१ फूट सोसायटीच्या मोकळ्या जागेतून.’ कुणी मागितलं नव्हतं ते. डेस्कने मागितलं नव्हतं, वाचकाला नको होतं. तोवर सहा वर्षं ती गाडी त्या खिडकीखालून जात होती. इमारतीतल्या प्रत्येकाने ती पाहिली होती, पाहुण्यांना आणून दाखवली होती. एकाचीही तक्रार नव्हती.

दोन महिन्यांनी सोसायटीची वार्षिक सभा होती. दादांनी मला बोलावलं. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. विमानतळ येणार म्हणून पनवेलला भाव चढले होते आणि ज्याच्या त्याच्या दारात मोटार येत होती. विषय पार्किंगचा होता. सेक्रेटरींनी माझं कात्रण काढलं. पिशवीत घालून जपून आणलं होतं. त्यांनी तेच एक वाक्य वाचलं, दोनदा, आणि म्हणाले, “आता पेपरातच आलंय म्हटल्यावर आम्ही डोळेझाक कशी करणार? उद्या कुणी आम्हाला विचारेल. काका, खरं आहे ना हे?”

“खरा हाय,” दादा म्हणाले. “टेप लावलेली.”

मी उठलो. सभासद नसलेल्यांनी बोलू नये, असं सेक्रेटरी म्हणाले. मी बसलो. पुढारी, अधिकारी, पोलीस यांच्यासमोर न बसणारा मी त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. खिडकीखालचे रूळ काढून तिथे पार्किंग करायचं, असा ठराव झाला. गाडी बघायला मुलांना खांद्यावर घेऊन येणाऱ्यांचे हात त्यात वर होते. ते मी मोजले नाहीत. दादांनी एवढंच मागितलं की रूळ मी माझ्या हाताने काढतो, आठ दिवसांचा ब्लॉक द्या. रेल्वेत कामासाठी वाहतूक बंद ठेवतात त्याला ब्लॉक म्हणतात. एकदा दिलेला ब्लॉक मोडत नाहीत, कारण रुळांवर माणसं असतात. “घ्या की काका, आरामात घ्या,” सेक्रेटरी म्हणाले. हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

पाचव्या दिवशी दादा आणि काकी पुतणीच्या हळदीला गावी गेले. सहाव्या दिवशी परत आले तेव्हा दाराशी सिमेंटची गोणी होती. तिच्यात कुदळीने वाकलेल्या पट्ट्या, स्लीपरचे तुकडे आणि दुभंगलेली पिवळी पाटी. दादांनी आठ दिवसांची आठवण करून दिली. सेक्रेटरींनी इतिवृत्ताची वही उघडून दाखवली. तिच्यात आठ दिवसांचा उल्लेख नव्हता. मी साक्ष द्यायला तयार होतो, पण मी सभासद नव्हतो. बागेतले एक्याऐंशी फूट कुणी हात न लावता तसेच ठेवले होते. सगळं नियमाने झालं होतं. एक्याऐंशी फुटांत गाडी फिरत नाही. ते दादांनी नंतर स्वतः उचलले, एक एक स्लीपर करत.

मी भेटायला गेलो तो शिव्या खायच्या तयारीने. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, “तुमी खोटा लिवला असता तर भांडलो असतो. खरा व्हता.” मला त्यांचा राग आला. अजून आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या सुखरूप जाव्यात म्हणून ओणवं होऊन चाललेल्या माणसाने एकदा तरी आडवं पडायला हवं होतं. आणि मी... मी पुढे एक बातमी लिहू शकलो असतो. शब्द दिला, मोडला, वहीत लिहिला नाही, अशी. लिहिली नाही. घरगुती वाद आहे, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

त्यांचा मृत्यू या धक्क्याने झाला, असं मी लिहिणार नाही. मध्ये आठ वर्षं गेली आणि डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला आहे. मला माहीत आहे तेवढंच लिहितो. त्या आठ वर्षांत त्यांनी दुसरं काही बांधलं नाही. त्या एकतीस फुटांत दोन मोटारी एकामागे एक उभ्या असतात. पहिली सेक्रेटरींची आहे.

दहाव्याच्या आदल्या दिवशी काकींच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. तिथली खिडकी आता उघडत नाही. उघडली तर मोटारीचा धूर आत येतो. मी तेव्हा दिलेला मोठा फोटो काकींनी तिच्या काचेवर चिकटवला आहे, काच पूर्ण झाकेल असा. दिवसा मागून ऊन आलं की डब्यांच्या खिडक्या खरोखर पेटल्यासारख्या दिसतात. दादा रोज त्याच्यासमोर चहा प्यायचे, असं काकी म्हणाल्या. “कप ठेवायचा आनि उठायचा.”

गेल्या आठवड्यात सेक्रेटरींचा फोन आला. सोसायटीची स्मरणिका निघते आहे, घरतकाकांवर एक पान आहे, तो रात्रीचा फोटो हवा. आमचाही अभिमान आहे तो, असं म्हणाले. मी खरं ते सांगितलं. मूळ फाइल ज्या कॉम्प्युटरवर होती तो केव्हाच बिघडला, आता तेवढी एकच प्रत उरली आहे.

“कुठे मिळेल?”

“तुमच्या गाडीच्या समोर आहे. जाऊन बघा.”

पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन. आवाज थोडा चढलेला होता. “अहो, इथे खिडकीला नुसता कोरा पांढरा कागद आहे!”

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “ती त्याची मागची बाजू. फोटो आतून दिसतो.”

आतून बघायचा तर काकींच्या दाराची बेल वाजवावी लागते. हा मजकूर लिहीपर्यंत ती वाजलेली नाही. काल संध्याकाळी काकींना विचारून खात्री करून घेतली.