मातकट रंगाचा दिवस

आमच्या विद्यानगरच्या महिला मंडळात माझा मान मोठा होता आणि त्यासाठी मी काहीही केलेलं नव्हतं. माझी नणंद पुण्यात राहते, एवढंच माझं कर्तृत्व. नवरात्राच्या आठवडाभर आधी ती मला नऊ दिवसांच्या नऊ रंगांची यादी पाठवायची, मी ती मंडळाच्या ग्रुपवर टाकायची आणि मग बत्तीस बायका आपापली कपाटं उघडायच्या.

यादी नेटवर मिळत नव्हती असं नाही. उलट फार मिळायची. एका वर्षी चौघींनी चार ठिकाणांहून चार याद्या काढल्या आणि दुसऱ्या माळेला निम्म्या बायका पांढऱ्यात आल्या, निम्म्या लालमध्ये. फोटोत एक मंडळ दिसेना, आम्ही दोन पक्षांच्या दिसायला लागलो. तेव्हा अध्यक्षबाईंनी ठरवून टाकलं की यापुढं यादी पुण्याचीच, आणि ती माझ्याकडूनच येणार. अध्यक्षबाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी ठरवलं की ठरलं.

शिवाय पुण्याचं म्हटलं की आम्ही थोड्या दबतोच. माझे आजोबा नांदेडकडची शेती सोडून इथं आले, तेव्हापासून आम्ही हैदराबादचेच. आमच्या मराठीत दखनीतलं हौ-नक्को केव्हाच मुरलंय, आमची मुलं मराठी पाटी अक्षर लावून लावून वाचतात. त्यामुळं पुण्याहून आलेली कुठलीही गोष्ट आम्हाला आपल्यापेक्षा जरा जास्त अस्सल वाटते.

तीन वर्षांपूर्वी नणंद नेमकी त्याच दिवसांत हिमालयात सहलीला गेली. तिचा फोन लागेना. इकडं ग्रुपवर विचारणा सुरू झाली. एके दिवशी दुपारी मी सिकंदराबादला माझ्या कचेरीत असताना अध्यक्षबाईंचाच फोन आला. पुण्याहून काही आलं का, असं त्यांनी विचारलं. ‘अजून नाही’ म्हणणं सोपं होतं, खरंही होतं. पण वर्षातून एकदाच मिळणारा तो मान हातचा जाईल असं वाटलं असावं. मी म्हणाले, आजच येतंय.

डबा खाऊन झाल्यावर मी रजेच्या अर्जाचा एक कोरा कागद घेतला आणि त्याच्या पाठीवर एक ते नऊ आकडे घातले. पहिल्या माळेला केशरी लिहिला, कारण माझी केशरी साडी कालच इस्त्रीहून आली होती. मग आकाशी, हिरवा, गुलाबी. कपाट डोळ्यांसमोर आणून मी एकेक साडी काढत गेले. पाचव्या आकड्यापाशी मला ती साडी आठवली. कुणाच्या तरी लग्नात आहेरात आलेली, चिखल वाळल्यावर जसा दिसतो त्या रंगाची. सात वर्षांत तिची घडी मोडली नव्हती आणि दुसऱ्या कुणाला द्यायचीही लाज वाटत होती. मी ‘मातकट’ असं लिहिलं आणि एकटीच हसले. पुढं लाल, पांढरा, जांभळा आणि मोरपंखी. मग यादी मोबाइलवर उतरवली, वर ‘श्री’ घातलं, बाजूला दोन कमळं चिकटवली आणि ग्रुपवर सोडून दिली.

पाच मिनिटांत हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मातकट का, असं एकीनंही विचारलं नाही.

कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर माझी मैत्रीण बसते. तिचं कुटुंब बौद्ध, मूळ परभणीकडचं, तेव्हा घरी नवरात्र नाही. आमच्या कचेरीतल्या मराठी, तेलुगू सगळ्या बायका रोज त्या त्या रंगात जिन्यावर उभ्या राहून फोटो काढायच्या आणि फोटो काढायचं काम कायम हिच्याकडं. दरवर्षी कुणीतरी तिला आग्रह करायचं की तूही ये ना, देवाचं राहू दे, नुसता रंग तर आहे. ती रागवायची नाही.

“रंगाशी माझं वाकडं नाही,” ती म्हणायची. “फक्त सांगतंय कोण, ते आधी सांगा.”

ते कुणालाच माहीत नसायचं, म्हणून विषय बदलायचा. त्या वर्षी ते मला माहीत होतं. मी मान खाली घालून फाइल चाळत बसले.

माझी यादी मी मंडळाला दिली होती, पण ती दोन दिवसांत कचेरीत माझ्याआधी पोचली. आमच्या तेलुगू सुपरवायझर बाईंकडं ती तेलुगूत होती आणि प्रत्येक रंगापुढं देवीचं एकेक रूप लिहिलेलं होतं. मंडळाच्या ग्रुपवर अध्यक्षबाई रोज सकाळी त्या दिवसाच्या रंगाचं महत्त्व सांगायला लागल्या. आकाशी रंगानं मन विशाल होतं. हिरव्यानं पोटाचे विकार जातात. तिसऱ्या माळेला नणंदेचा फोन एकदाचा सुरू झाला आणि उशीर झाल्याबद्दल माफी मागून तिनं मला यादी पाठवली. बघते तर ती माझीच. माझ्या दोन कमळांची तेवढी पाच झाली होती आणि खाली लिहिलं होतं की ही यादी अकरा जणींना पाठवल्यास शुभवार्ता मिळेल.

त्याच दिवशी मैत्रिणीनं मला पकडलं. फोटो काढून ती टेबलाशी आली आणि बराच वेळ माझ्या हिरव्या साडीकडं बघत राहिली.

“परवा केशरी, काल आकाशी, आज ही,” ती म्हणाली. “आणि ती चिखलाची कधी आहे गं?”

मी म्हटलं, पाचव्या माळेला. तिनं हातातला शिक्का खाली ठेवला आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली की पलीकडच्या टेबलावरून पाण्याचा ग्लास आला. अकरा वर्षं ती माझ्या शेजारी बसत होती. माझं कपाट तिला माझ्या नवऱ्यापेक्षा चांगलं पाठ होतं. मीही हसले. हे एवढं आम्हा दोघींत राहावं असं ठरलं आणि मला ते दिवस फार मजेत जायला लागले.

चौथ्या माळेला संध्याकाळी शेजारीण मला ओढून सुलतान बाजारात घेऊन गेली. तिच्याकडं मातकट साडी नव्हती. कुणाकडंच नव्हती, कारण धड डोळ्यांनी बघून कुणी तो रंग घेत नाही. तीन दुकानं झाली. चौथ्यातल्या दुकानदारानं आम्हाला बघताच हात हलवले. “मिट्टी कलर सुबह में ही खतम हो गया मॅडम,” तो म्हणाला. “आप लोगां पहले बोलते तो मंगा के रखता था.” मग त्यानं मला खासगीत विचारलं की हा रंग नेमका कुठल्या स्वामीजींनी काढला. मी काही बोलायच्या आत शेजारीण म्हणाली, पुण्याच्या. शेवटी तिनं एक तपकिरी साडी घेतली, जी दुकानातल्या दिव्याखाली मातकट दिसत होती आणि बाहेर आल्यावर वांग्याच्या रंगाची झाली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या एकीनं जुनी पांढरी साडी चहाच्या पाण्यात बुडवल्याचं त्याच दिवशी कळलं. ती पट्ट्यापट्ट्यांनी रंगली होती. घरी येऊन मी हे सगळं नवऱ्याला रंगवून सांगत होते, तेवढ्यात फोन वाजला.

फोन मंडळातल्या सर्वांत लहान सुनेचा होता. लग्न होऊन तिला सहा महिने झाले होते, आणि हैदराबाद नवीन. दुसऱ्या दिवशी तिचा वाढदिवस होता. तिच्या आईनं लातूरहून लिंबासारख्या पिवळ्या रंगाची साडी पाठवली होती, ती नेसून मंडळात यायचं तिच्या मनात होतं. मातकट साडी तिच्याकडं नव्हती आणि घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. यादी माझ्याकडून येते म्हणून तिनं मला विचारलं.

“मावशी, मी पिवळी नेसले तर चालंल का?”

चालेल म्हणायला मला किती वेळ लागला असता? साऱ्या जगात ते म्हणायचा खरा अधिकार असलेली मी एकटी बाई होते. आणि मी काय म्हणाले, तर, “बघ बाई, सगळ्या तर मातकटच नेसणार आहेत.” ती “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला. माझा आवाज हुबेहूब अध्यक्षबाईंसारखा आला होता, असं नवरा म्हणाला. तो चेष्टेनं म्हणाला. मला जेवण गेलं नाही.

पाचव्या माळेला देवळाच्या मंडपात आम्ही सगळ्या जमलो. पेरणीआधीच्या शेतासारखा मंडप दिसत होता. अंगणात तेलुगू शेजारणी झेंडू-तेरड्याच्या फुलांचा थराथरांचा मनोरा, त्यांची बतुकम्मा, रचत होत्या. त्यांनी एकदा आमच्याकडं पाहिलं आणि सभ्यपणानं परत फुलांकडं वळल्या. अध्यक्षबाईंनी मातकट म्हणजे भूमाता आणि हा रंग नेसल्यानं माणसाचे पाय जमिनीवर राहतात असं सांगितलं. ती मुलगी आली नव्हती. कुणीतरी म्हणालं, आजकालच्या पोरींना श्रद्धाच नाही, आणि चार जणींनी माना हलवल्या. त्यातली एक मान माझी होती. ती हलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला मी सगळं सांगितलं. या वेळी ती हसली नाही. ती म्हणाली की तिलाही हे असं अनेकदा होतं. फोटोत घुसावं असं वाटतं, लाल साडी कपाटात असतेच, आणि एकटीनं जिन्याखाली उभं राहायचा कंटाळा येतो. मला वाटायचं तिला त्याचं काहीच नाही. अकरा वर्षांत मी विचारलंही नव्हतं.

“सांगून टाक त्यांना,” ती म्हणाली. “ऐकणार नाहीत. तरी सांग.”

सातव्या माळेला आरती झाल्यावर मी उभी राहिले. घरून पाठ करून आणलेली वाक्यं मी सगळी विसरले. एवढंच म्हणाले की यंदाची यादी पुण्याहून आली नाही, ती मी केली, आणि ज्या साड्या माझ्याकडं इस्त्री करून होत्या त्यांवरून केली. पांढऱ्या साड्यांतल्या तीस-एकतीस बायका माझ्याकडं बघत होत्या. वरच्या मजल्यावरची, जिनं साडी चहात बुडवली होती, तिचा चेहरा मला अजून आठवतो. मी मनातल्या मनात शिव्या खायची तयारी केली.

अध्यक्षबाई जागेवरून उठल्या, माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्हाला वाटतंय तुम्ही केली,” त्या म्हणाल्या. “तुमच्या हातून ती देवीनं लिहवली.”

मंडपातून एक सुस्कारा निघाला. मी परत समजावायला गेले की देवीला माझ्या आहेरातल्या साडीशी काय घेणंदेणं, पण एकजण तोवर माझ्या पाया पडायला वाकली होती. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी होती. मी तिला कसंबसं उचललं. साडी चहात बुडवणारीनं तर माझे आभार मानले.

घरी येताना मी चिडले होते आणि हसूही येत होतं. आठव्या माळेला यादीत जांभळा होता. सकाळी मी जांभळी साडी बाजूला सारली आणि पोपटी नेसले. हे लिहिताना फार किरकोळ वाटतं. पण बसस्टॉपपर्यंत जाताना अंगावर काही घातलंच नाही असं मला वाटत होतं. कोपऱ्यावर शेजारीण भेटली. तिनं मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि घाईनं घराकडं वळली.

कचेरीत जिन्यावर सगळ्या जांभळ्यात उभ्या होत्या. मी मैत्रिणीपाशी जाऊन उभी राहिले. तिनं माझ्याकडं पाहिलं, मोबाइल शिपायाच्या हातात दिला आणि माझा दंड धरून मला वर घेऊन गेली. ती त्या दिवशी राखाडी रंगात होती. आम्ही दोघी मधल्या पायरीवर उभ्या राहिलो. सुपरवायझर बाईंनी विचारलं, हे काय, तर मैत्रीण तेलुगूत म्हणाली की आम्हाला हेच आवडलं. बाई जरा विचारात पडल्या आणि मग थोडं सरकून त्यांनी आम्हाला जागा दिली.

मी खुशीत होते. संध्याकाळी तशीच मंडपात गेले, जरा ताठ मानेनंच. आणि बघते तर समोर चौदा बायका पोपटी नेसून बसलेल्या. शेजारणीनं सकाळीच ग्रुपवर कळवलं होतं की रंग बदलला आहे. अध्यक्षबाईंनी दुपारपर्यंत वाट पाहून पोपटी रंगाचं महत्त्वही टाकलं होतं. माझा फोन बॅगेत होता, मी दिवसभर पाहिलाच नव्हता. ती लहान सून मात्र कोपऱ्यात जांभळ्यात बसली होती, कारण तिच्याकडं पोपटी नव्हती, आणि ती पुन्हा घाबरली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. चार दिवसांपूर्वी जे म्हणायला हवं होतं ते म्हणाले, आणि त्या दिवशी वाईट वागले हेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, “मावशी, उद्या मी खरंच काहीही नेसू शकते, की हीसुद्धा परीक्षा आहे?”

पुढच्या वर्षीपासून यादीचं काम माझ्याकडून गेलं. देवी सारखा विचार बदलते, त्यानं बायकांची धावपळ होते, असं कारण अध्यक्षबाईंनी दिलं. आता यादी सोलापूरहून येते. मला वाटलं होतं सुटका होईल, पण पहिल्या वर्षी ग्रुपवर ती दुसरीच्या नावानं आली तेव्हा मला चक्क वाईट वाटलं.

या नवरात्रात पहिल्या माळेला मी लाल साडी नेसून कचेरीत गेले. यादीतही लालच होता. मैत्रिणीनं टेबलावरून मान वर केली आणि विचारलं, यादीतली आहे की मनातली. मी खुर्चीत बसून खरंच विचार केला. सकाळी कपाट उघडल्यावर हात आपोआप लालवर गेला होता, पण त्याआधी मी ग्रुप पाहिला होता की नाही, ते मला काही केल्या आठवेना. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, ठीक आहे, आज डब्यात काय आणलंस ते सांग.