रिकाम्या पोटी टोचलेली सुई

"डायबिटीस आहे," पनवेलचे डॉक्टर म्हणाले. परीक्षानळीतल्या निळ्या औषधात त्यांनी ह्यांच्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या, लघवीचे थेंब टाकून तापवलं, तर ते विटेसारखं लाल झालं. डायबिटीस म्हणजे मधुमेह.

हे मिठागरावर कामाला. तीन महिन्यांत अर्धे झाले होते. ताटभर भात खायचे, तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचे आणि तरी बरगड्या दिसायच्या.

डॉक्टरांनी समजावलं, "भातात, भाकरीत कार्बोहायड्रेट असतं. पोटात त्याची साखर होते. ती अंगाला लागायला इन्सुलिन हवं, ते ह्यांच्या शरीरात बनतच नाही. साखर लघवीतून वाहून जाते. मग भुकेलं शरीर आपलीच चरबी जाळतं आणि स्नायूसुद्धा तोडून खातं. स्नायू म्हणजे प्रोटीन."

काचेची सिरिंज उकळून इन्सुलिनची सुई टोचायला मी शिकले. "सुईनंतर अर्ध्या तासात जेवण," डॉक्टरांनी बजावलं. "घाम सुटला, बरळायला लागले तर लगेच साखर." महिन्या-दोन महिन्यांत ह्यांच्या अंगावर मांस चढलं. हे पुन्हा कामाला लागले.

मग महाशिवरात्र आली. सासूबाई म्हणाल्या, "देवानं वाचवलाय तुला. एक दिस नाय खाल्लास तर काय मरशील?" ह्यांनी उपास धरला. सुई एक दिवसही चुकवायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं होतं. मी सुई टोचली. हे उपाशीच फावडं घेऊन गेले.

दुपारी आरडाओरडा ऐकून मी बांधावर धावले. माझे दीर दत्तूभावजी चिखलात पडले होते, कपाळ फुटून डोळ्यांत रक्त. हे फावडं गरगर फिरवत होते, घामाने निथळत, सख्ख्या भावाला घाणेरड्या शिव्या देत. मी पुढे झाले. ह्यांनी मला बघितलं आणि फावड्याचा दांडा माझ्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

चौघांनी ह्यांना पाडलं. लाथा घातल्या, सुंभाने हातपाय बांधून अंगणात आणलं. कोणीतरी भगताला बोलावलं. त्याने मिरच्यांची धुरी दिली आणि ओल्या फोकाने ह्यांना झोडायला घेतलं. "बोल, कोण हाय तू? सोरतोस का नाय?" पाठीवर वळ उठले, वळ फुटले. हे आधी ओरडत होते, मग नुसते घोगरे आवाज काढू लागले.

तो आवाज ऐकताना मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. घाम. बरळणं. मी भगताच्या दंडाला कडकडून चावले. फोक पडला. सासूबाईंनी माझे केस धरून ओढले, "मारतेस काय त्याला?" मी एका हाताने गुळाचा खडा ओला करून ह्यांच्या गालात घासला. ह्यांचे दात माझ्या बोटात रुतले. मी बोट काढलं नाही.

दत्तूभावजी रक्ताळल्या तोंडाने उठले. "गाडी जोरा रं. आमी डॉक्टरकडं नेतो."

डॉक्टरांनी सुंभाने बांधलेल्या हातातच शीर शोधली आणि ग्लुकोजचं इंजेक्शन दिलं. ग्लुकोज म्हणजे साखरच. काही मिनिटांत ह्यांनी डोळे उघडले. "मला बांधलंय का?"

डॉक्टर माझ्यावर कडाडले. "ह्याला हायपोग्लायसेमिया म्हणतात, रक्तातली साखर फार उतरणं. मेंदू साखरेवर चालतो, चरबी तिथे ऐन वेळी कामाला येत नाही. उपाशी माणसाला सुई दिलीत, वर मार खाऊ घातलात. आणखी तासभर गेला असता तर प्रेतच आणलं असतंत."

ह्यांची नजर माझ्या सुजलेल्या हातावर गेली. "कोणी मारलं तुला?"

भावजींनी मला डोळ्यांनी गप्प राहा म्हणून खुणावलं. पण उद्याही सुई होतीच, खोटं बोलून ती कशी टोचणार? "तुमी," मी म्हटलं. "आणि सुई मी टोचली होती, उपाशीपोटी."

हे भिंतीकडे तोंड करून हुंदके देत राहिले. मी समजूत घातली नाही. मला ह्यांची भीती वाटत होती. ती पुढे कित्येक महिने गेली नाही.

ज्यांच्या घरी ही सुई आली आहे, त्यांनी एवढं ऐकावं: शांत माणूस एकाएकी अंगावर आला, तर दोरी शोधण्याआधी साखर शोधा.

माझं मनगट वाकडंच जुळलं. भावजींच्या कपाळावर खोकेचा व्रण राहिला. ह्यांच्या पाठीवरचे वळ मी रोज तेल लावून चोळायचे. माराबद्दल आमच्या घरात कोणी कोणाची माफी मागितली नाही. पण दुसऱ्याच दिवशी मोडका हात सांभाळत मी सिरिंज भरली, तेव्हा ह्यांनी दंड पुढे केला. आदल्या दिवशी जिवावर उठलेली तीच सुई माझ्या हातात होती, आणि तरीही. त्या दंडाचे उपकार मी विसरणार नाही.